अठ्ठावन्न सालचा ट्रक

धायरीतल्या घराच्या अंगणात, आपल्याच जुन्या ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले बघितले आणि शालूचं काळीज लक्कन हललं.

"कोण आहे रे तिकडे?"

पाय सरकले... मागोमाग ग्रीसनं माखलेला चेहरा आला. "मी माधव. ट्रकचं साल ठरवायला आलोय. तुमच्या आबांनीच बोलावलंय."

त्याच्या हातातलं फडकं लालभडक! "अगं बाई! कुंकू पुसलंत? दर खंडेनवमीला मी लावते ते!"

"अहो, पण लावता नेमकं चासीच्या नंबरावर! एवढ्या वर्षांचा थर... नंबर दिसणार कसा?" तो हसला. गालावर ग्रीस, पण डोळे कसे लख्ख! शालूनं उगाचच ओढणी सारखी केली.

घर-अंगणाच्या त्या जागेवर आता इमारत उठणार होती. ट्रक साठ सालाआधीचा निघाला तर एक संग्रहालय तो नेणार; नाहीतर भंगारवाला आहेच. आबा, म्हणजे शालूचे वडील सर्जेराव, तर गावभर सांगत, "अठ्ठावन्न सालचा हाय. एकसष्टला पानशेतच्या पुरात माझ्या बापानं ह्याच्यातनंच माणसं काढली."

मग माधव दर रविवारी येऊ लागला. कधी नंबर घासायला, कधी गिअरबॉक्सवरची कारखान्याची खूण वाचायला, तर कधी...

"आज काय तपासायचंय?" शालू विचारी.

"चहा," तो म्हणे.

आणि एका रविवारी तो मान खाली घालून म्हणाला, "आबा, हा बाहत्तरचा आहे. त्याआधी कारखान्यातून निघालेलाच नाही."

शालूनं चटकन आबांकडे बघितलं.

"मंग माझा बाप खोटारडा व्हता व्हय रं?" आबा कडाडले.

"आजोबा खरंच बोलले असतील हो. पुरातली ती गाडी दुसरी असेल—"

पण आबांनी आत जाऊन दार धाडकन लावलं होतं.

शालूचे डोळे भरून आले. "संग्रहालयाला अठ्ठावन्नच लिहून द्या ना हो... तुमचं काय जातंय?"

"ट्रक मी माझ्या शेडात ठेवीन. भंगारात जाऊ देणार नाही. पण खोटं नाही लिहिणार."

"एवढा कसला हो ताठा?"

"ताठा नाही..." त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "आज खोटा दाखला दिला, तर उद्या तुम्हाला मागणी घालायला कुठल्या तोंडानं येऊ?"

शालूनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. काय माणूस आहे हा! हीच वेळ सापडली ह्याला? छाती नुसती धडधडत होती, आणि राग कुठे पळाला ते तिलाच कळेना.

"उद्या कशाला?" ती कशीबशी म्हणाली. "आत्ताच चला. आबा तसेही चिडलेत... एकदाच काय ते चिडून घेऊ देत."

आणि तिनं स्वतःच दाराची कडी वाजवली.