न सांगता कळणाऱ्या ओळी

ऑफिसात त्याला सगळे पाटीवाला म्हणत. कारण तो पाट्या लिहायचा, आणि त्या वाचणारा माणूस नव्हता.

कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. प्रोग्राम लिहायला माणसं होती, पण निम्म्याहून जास्त काम एक एआय सहायक करायचा. त्याच्यासाठी एका फोल्डरमध्ये कौशल्यं साठवलेली होती. मालाची नोंद कशी बदलायची, बिघडलेला प्रोग्राम मागे कसा घ्यायचा, एकेका कामाची एकेक फाइल. सहायक त्या सगळ्या वाचत बसत नसे. कामाला लागताना तो एकच फाइल वाचायचा, ती पाटीवाल्याची. तिच्यात नुसत्या पाट्या असत. अमुक झालं, तर तमुक उघड. कौशल्य कितीही उत्तम असो, तिकडे नेणारी पाटी नसेल तर सहायक त्या बाजूला फिरकत नसे. कपाटात औषध असावं आणि आपल्याला ताप आलाय हेच कळू नये, तसं.

पाटीवाला थोरल्या बहिणीकडे राहायचा. भावोजी जहाजावर असत, म्हणजे वर्षाचा बराचसा काळ फोनमध्ये असत. घरात ताई, तिचं तान्हं बाळ आणि हा. बाळाला मामाचा लळा होता. नाक कितीही ओढलं तरी तक्रार न करणारा माणूस घरात तोच होता.

टीमच्या प्रमुख मॅडमनी एकदा त्याला बोलावलं आणि फाइल फार फुगलीये म्हणाल्या. एवढं सगळं वाचून सहायक गोंधळतो, तेव्हा जे न सांगता कळतं ते काढून टाक. सल्ला रास्त होता. पाटीवाला कात्री घेऊन बसला. इशाऱ्याची घंटा वाजली तर हातातलं सोड आणि आधी तिकडे बघ, अशी एक जुनी ओळ होती. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं, असं म्हणत त्याने ती पुसली आणि कॉफी प्यायला गेला.

संध्याकाळी घरी येताना जिन्यातच रडणं ऐकू आलं. शेजारच्या बाई दार किलकिलं करून उभ्या होत्या. त्याला बघून त्यांनी ते लावून घेतलं.

आत दिवे लागलेले होते. पाळण्यात बाळ लालबुंद होऊन टाहो फोडत होतं. त्याला लागून, हात पोचेल इतक्या अंतरावर, ताई मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. चेहरा अगदी शांत. चुकीची जोडी एकही नव्हती.

"ताई, बाळ रडतंय."

"हो ना," ती म्हणाली. "मघापासून."

त्याला वाटलं, चेष्टा आहे. त्यांच्या घरात चेष्टेला वेळकाळ नसे. पण ती पुढचा मोजा शोधत होती.

"मग उचल की."

"उचलू?" म्हणत ती लगेच उठली. मानेखाली हात, खांद्यावर डोकं, पाठीवर थोपटणं, लंगोट बघणं, छातीशी घेणं, सगळं बिनचूक केलं. तीन मुलं वाढवलेल्या बाईला जमणार नाही इतकं सफाईदार. बाळ हुंदके देत प्यायला लागलं, आणि ताई त्याच्या टाळूवरून नाक फिरवत हसली.

पुढचे काही दिवस असेच गेले. दाराची घंटा वाजायची आणि ताई ती कौतुकाने ऐकायची. कढईतून धूर निघाला, तेव्हा तिने धूर जायला नीट वाट करून दिली आणि पुस्तक वाचत राहिली. सांगितलं की सगळं करायची. सांगायला कोणीतरी लागायचं, आणि पाटीवाला दिवसभर ऑफिसात. तो दर अर्ध्या तासाने फोन करू लागला. पण फोन वाजला, तर तो उचलायचा हे तिला कोण सांगणार, हे ध्यानात आल्यावर त्याने रजा टाकली.

तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, बाळ रडलं तर काय करता? ताईने एकेक पायरी सांगितली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. थकवा आहे म्हणाल्या, आणि भावाने उगाच घाबरवू नये, असंही. परतताना गाडीत बाळाने आकाशपाताळ एक केलं. चालकाने दोनदा मागे वळून बघितलं. ताई खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती.

रजा संपवून तो कामावर गेला, तर ऑफिसात आणीबाणी. आदल्या दिवशी एका गोदामाची सगळी नोंद कोलमडली होती, इशारे धडाधड येत होते, आणि सहायक शेजारीच बसल्यासारखा फाइलींची नावं सुबक करत होता. शेवटी एका प्रोग्रामरने त्याला लिहून विचारलं, तुला घंटा ऐकू येत नाही का? सहायकाचं उत्तर त्याने गंमत म्हणून सगळ्यांना दाखवलं.

"हो, येते. मघापासून वाजते आहे."

सगळे हसले. पाटीवालाही हसला, कारण न हसणं दिसलं असतं. मग जागेवर जाऊन त्याने ती ओळ जशीच्या तशी परत घातली.

त्या संध्याकाळी जिना शांत होता. त्याने घंटा वाजवायच्या आत ताईने दार उघडलं, कडेवर बाळ. "पावलं वाजली तुझी," ती म्हणाली. "असा काय बघतोस रे, भूत बघितल्यासारखा?"

त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आपण प्रोग्रामची एक ओळ पुसली आणि आपली बहीण बिघडली, असं म्हणणाऱ्याला तो स्वतः भरपगारी रजेवर पाठवून आला असता.

मॅडमचा मात्र एक नियम होता. एक ओळ आत, तर एक बाहेर. शिवाय त्यांची सहायकाबद्दल वेगळी तक्रार होती, की तो फार विचारतो. हे मिळालं नाही, ते द्या, ही परवानगी हवी, सगळा दिवस भुणभुण. त्यांनी स्वतःच बोट ठेवून ओळ दाखवली. काही कमी पडलं, तर थांब आणि माग.

"ही काढ," त्या म्हणाल्या. "गरज लागली की मागतातच सगळे. हे काय शिकवावं लागतं?"

त्याचा हात अडला. पण त्या मागे उभ्या होत्या, आणि कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याने ओळ काढली.

त्या दिवशी तो धावतच घरी गेला. ताई स्वयंपाकघरात होती. तिने त्याच्याकडे पाण्याची बाटली मागितली. वरचा डबा काढून मागितला. भावोजींकडे फोनवर नवा पंखा मागितला, तोही आवाज चढवून. पाटीवाल्याला हायसं वाटलं. तो खुर्चीत बसला.

"बाळ काय शहाणं झालंय रे," ताई भाजी चिरत म्हणाली. "दुपारपासून एकदा म्हणून रडलं नाही."

तो उठला.

"कधी पाजलंस?"

"सकाळी. मग काही म्हणालंच नाही ना."

तिचे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग घाईने नळाखाली हात धुऊ लागली.

खोलीत बाळ जागं होतं. लंगोट भिजून थंड झालेला. ओठ कोरडे. मुठी घट्ट आवळलेल्या.

त्याने पाळण्याजवळ जमिनीवरच लॅपटॉप उघडला आणि ओळ परत घातली. अक्षरं दोनदा चुकली. थोड्याच वेळात ऑफिसातून निरोप आला, की सहायकाने पुन्हा मागायला सुरुवात केलीये.

बाळ गप्प होतं.

त्याने करंगळी पुढे केली. बाळाने ती ओठांत धरली आणि अशी ओढली, की कळ मनगटापर्यंत गेली.

त्याने बोट काढून घेतलं.

तोंड उघडंच राहिलं. आवाज आला नाही. मग बाळाने ते हळूच मिटलं आणि त्याच्याकडे बघत राहिलं, लक्ष देऊन, काही सांगितलं तर करायच्या तयारीत.