भामेकाठचा ओव्हरटाइम

ओढणी मागून खेचली गेली तेव्हा वर्षालीला वाटलं, बाभळीत अडकली असेल. तिनं न बघताच हिसका दिला. बाभळीनं उलट हिसका दिला.

मग मात्र ती वळली, शिवी तोंडाशी तयार ठेवूनच. बाईमाणूस एकटं नदीवर दिसलं की काहींच्या हाताला खाज सुटते, तसलाच कोणीतरी असणार.

मागच्या खडकावर एक माणूस लांब लवलवती काठी धरून उभा होता. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला गळ आणि गळात तिची ओढणी. माणूस कोण, तर तिचा नवरा.

"तुम्ही?"

"तू?"

भामा नदी खळखळत राहिली. तिला काय.

"तुमचा ओव्हरटाइम होता ना आज," वर्षाली म्हणाली.

"तुझाही होता," प्रज्वल म्हणाला.

उन्हाळ्यात लग्न झालं होतं, आता पावसाळा सरला. तिची फर्स्ट शिफ्ट, त्याची सेकंड. ती निघायची तेव्हा तो झोपलेला, तो यायचा तेव्हा ती. संसार म्हणजे काय, तर एक ओला टॉवेल आणि फ्रिजवरची चिठ्ठी... 'दूध तापवलं आहे.' चाकणच्या पट्ट्यात अशी लग्नं पैशाला पासरी. गाडी लाइनवरून वेळेत उतरली पाहिजे, नवरा-बायको भेटले नाहीत तरी कोणाचं काही अडत नाही. गुरुवारची सुट्टी तेवढी दोघांना एकत्र यायची आणि त्या सुट्टीचीच दोघांना धास्ती. समोरासमोर बसून बोलायचं काय? म्हणून हा गुरुवारचा खोटा ओव्हरटाइम.

आज तर वर्षालीचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. गुजरातेतल्या नव्या प्लांटला जाल का, असं तिच्या सरांनी फोन करून विचारलं होतं. "घरी बोलून सांगा, उद्या सकाळपर्यंत." घरी बोलून! कोणाशी, माळ ओढत बसलेल्या सासूबाईंशी की फ्रिजशी? मघाशी इथंच बसून तिनं 'हो, जाते' असं टाइप करून पाठवलं होतं. पण नदीच्या या खळग्यात रेंज नव्हती. मेसेजपाशी ते चिमुकलं घड्याळ तसंच अडकून बसलेलं. वर रस्त्याला लागलं की मेसेज जाणार. मग सुटली.

"हलू नकोस," प्रज्वल खाली उतरत म्हणाला. "ओढलीस तर अजून रुतेल."

तो जवळ आला. खांद्यापाशी वाकला. त्याच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येतो, हे तिला टॉवेलवरून माहीत होतं. पण तो हात उजेडात इतक्या जवळून तिनं पाहिला नव्हता... बोटं जाड, आणि धागा न तोडता गळ सोडवायची त्यांची धडपड. तिनं श्वास रोखून धरला. मग रोखला म्हणून स्वतःवरच चिडली.

गळाला तांबूस काहीतरी बांधलेलं होतं.

"हे काय?"

"माशी. कोंबड्याच्या पिसाची. मोबाइलवर बघून मीच बांधतो."

"पिसाला मासा लागू राहिला?"

प्रज्वलनं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"लागू राहिला... घरात असं कधी बोलली नाहीस."

"घरात बोलायला तुम्ही असता कुठं?"

त्यानं हवेत हुंगलं. "आणि हा वास कसला?"

ती चटकन आडवी उभी राहिली, पण धूर कुठं अडवता येतो. मागं तीन दगडांवर चिलापी मासळी भाजत होती. शेजारी तिचा बांबूचा गळ आणि कंपनीचा डबा. डब्यात भाजी-पोळी नव्हती. मीठ, तिखट आणि अर्धं लिंबू होतं.

"बघायला आलो तेव्हा, मासे आवडत नाहीत म्हणाली होतीस," प्रज्वल सावकाश म्हणाला.

"तुमच्या आई गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून विचारू राहिल्या होत्या. काय सांगायचं? माझे आप्पा नाथसागरावर गळ टाकायचे, मी त्यांच्या मांडीवर काटे काढत मोठी झाले, असं?"

"मला सांगायचं."

"तुम्ही सांगितलं का, पिसं बांधता म्हणून?"

तो हसला, आणि हसताना तो इतका बरा दिसतो हे कोणी तिला आधी सांगितलं नव्हतं.

"मी धरतो आणि सोडून देतो," तो म्हणाला. "माळकरी घर. मासा नेणार कुठं?"

"सोडून देता? मग बिचाऱ्याचं तोंड फोडता कशाला?"

"तो पाण्यातून उसळतो ना... तेवढ्यापुरता डोक्यातला प्रेस मशीनचा आवाज बंद होतो."

"इंद्रायणी दाराशी आहे तुमच्या. इतक्या लांब कशाला?"

"तिच्यावर फेस हाय नुसता. सकाळी आई म्हणून हात जोडायचे आणि रात्री तिच्यातच कंपनीचा पाइप सोडायचा. तिथं मासा कशानं राहील? माणूसबी राहायचा न्हाई."

रागात त्याचीही भाषा सुटली. वर्षालीनं ते ऐकलं आणि खाली बघून हसली.

"दाखवा बघू तुमची माशी."

"तूच टाक."

त्यानं काठी तिच्या हातात दिली आणि मागं उभा राहिला. "खांदा नाही, मनगट. दोरी मागं पूर्ण जाऊ दे, मग पुढं..." तिला कुठं धीर. पहिल्यांदा गळानं झुडूप धरलं, मग त्याची टोपी.

"अजून काय काय पकडणार आहेस?"

"जे सुटून पळत असेल ते."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. तिसऱ्यांदा दोरी अलगद लांबली, पीस पाण्यावर टेकलं, नाचलं... आणि पाणी फुटलं. काठी वाकली. तिच्या हातावर त्याचा हात आला. दोघांनी मिळून चंदेरी, बोटभर लांबीचा एक जीव बाहेर काढला.

"एवढासा?" ती म्हणाली.

"सोड त्याला."

तिनं आयुष्यात मासा कधी सोडला नव्हता. ओंजळ पाण्यात धरली. मासा गेला नाही. बोटांमध्ये तसाच राहिला, कल्ले हलवत.

"लगेच जात नाहीत," प्रज्वल हळूच म्हणाला. "भांबावलेले असतात."

मग शेपटी हलली आणि ओंजळ रिकामी झाली. का कोण जाणे, वर्षालीला हुंदका आला. तिनं ओल्या हातानंच मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"गुजरात?"

"हो."

"जायचं असेल तर जा," तो म्हणाला. "पण ओव्हरटाइमसारखी नको जाऊ. सांगून जा. भांडून जा."

"आणि राहायचं असेल तर?"

"तर..." तो पाण्याकडे बघत राहिला. "चिठ्ठीत लिहिलं होतं एकदा. दूध तापवलं आहे, त्याच्या खाली. तू आवडतेस, असं. मग वाटलं, आई वाचेल. फाडून टाकली."

"दुधाची तेवढी ठेवली?"

"दुधाची नवी लिहिली."

ती हसली. मग हसू पुसून टाकलं. "मी मासे खाणार. चोरून नाही. तुमच्या आईंना कोण सांगणार?"

"मी."

"कधी?"

तो मोबाइल काढत चढ चढून वर रस्त्याकडेच्या बाभळीखाली गेला. तिथं रेंज येत असावी. खाली त्याचा आवाज ऐकू येत होता.

"आई, मी कंपनीत न्हाई. नदीवर हाय... वर्षालीबी हाय. आई, ती मासे खाती... व्हय, पयल्यापासनं... मी न्हाई खात. पण ती खाणार. आपल्या घरात खाणार."

वर्षालीनं वर बघितलं. फोन कानाला होता, डोळे तिच्यावर.

"काय म्हणाल्या?"

"रडतीय," तो म्हणाला. "पण फोन ठेवला न्हाई... गच्चीवर चूल मांडा म्हणती. आणि तिच्या पातेल्यांना हात लावायचा न्हाई."

वर्षालीनं मोबाइल पाहिला. घड्याळ अजून अडकलेलंच होतं. तिनं 'हो, जाते' पुसलं. जागा कोरी झाली. तिनं नवं लिहिलं आणि पाठवलं. तेही अडकलं. मग तिनं भाजलेली चिलापी डब्यात भरली, विस्तवावर पाणी ओतलं, दोन्ही गळ काखेत मारले आणि चढ चढू लागली.

बाभळीखाली पोचताच मोबाइल थरथरला. मेसेज गेला होता.

"काय लिहिलंस?" प्रज्वलनं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

तिनं दाखवलं. तीनच शब्द होते... 'घरी बोलून सांगते.'