ठमीच्या वहीतली राहिलेली नोंद

पहिल्या भेटीत त्याने मला धड पाहिलंही नाही. ठमीने त्याला पाण्याच्या हौदात ढकललं होतं, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे मिटलेलेच होते.

"तिला अंग घासायला खांब हवा होता," मी टॉवेल पुढे करत म्हणाले. "तुम्ही मध्ये आलात."

"म्हणजे निदान झालं," तो चेहरा पुसत म्हणाला. "खाज आहे. आणि जोरदार आहे."

मग त्याने डोळे उघडले. आणि मी... मी उगाचच घोडीला घासायचा खरारा शोधायला लागले. तो माझ्याच हातात होता.

तो घोड्यांचा डॉक्टर. मी आत्याच्या रायडिंग स्कूलमधल्या घोड्यांची देखभाल करणारी. आणि ठमी आमची तांबूस घोडी, आजवर एकाही मुलाला पाठीवरून न पाडलेली. पण चार महिने तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठत होत्या. औषधाने बसायच्या, पुन्हा उठायच्या. पालक मुलांना तिच्यापासून लांब ठेवू लागले. शेवटी आत्या म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत अंग साफ झालं तर ठीक. नाहीतर विकायची. गिऱ्हाईक तयार आहे."

गिऱ्हाईक म्हणजे तिला मालाच्या गाडीला जुंपणारा.

डॉक्टरने माझ्या हातात एक वही दिली. "तिच्या अंगाला जे लागेल, पोटात जे जाईल ते लिहायचं. दाणा, पेंढा, झूल, साबण, माश्या. काही म्हणजे काही वगळायचं नाही."

"आणि शिंक आली तर?"

"कुणाला? तिला की तुम्हाला?"

"फरक पडतो?"

"मला पडतो," तो म्हणाला, आणि पिशवी बंद करण्यात फारच गुंतून गेला.

मग दर बुधवारी चारला तो येऊ लागला. मंगळवारपासूनच माझा पाय एका जागी ठरेना. घासलेली बादली पुन्हा घासायची, विंचरलेली आयाळ पुन्हा विंचरायची, फाटकाशी जायचं, परत यायचं. आत्या म्हणायची, "खाज नक्की कुणाला आहे गं? घोडीला की तुला?"

धुळीचा पेंढा गेला, त्याच्या जागी कागदाच्या कपट्यांचं अंथरूण आलं. झूल बिनवासाच्या साबणात धुतली जाऊ लागली. संध्याकाळी बारीक माश्या सुटायच्या आत ठमी तबेल्यात. आणि खरंच, गांधी हटल्या. फक्त बुधवारी तेवढ्या उठायच्याच.

तिसऱ्या बुधवारी त्याने उभ्या उभ्याच वही चाळली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"मी येतो त्याच दिवशी उठतात," तो हळूच म्हणाला. "माझ्या कपड्यांवर दहा जनावरांचे केस असतात. तिला माझंच वावडं असणार. पुढच्या वेळेपासून दुसऱ्या डॉक्टरीणबाई येतील."

"तुम्ही... येणार नाही?"

"तिला वाचवायचंय ना आपल्याला?"

माझा हात ठमीच्या मानेवर होता. गांधी फक्त डाव्या बाजूला, आयाळीखाली, तळहाताएवढ्या जागेत. तो लिहीत असताना मी गाल टेकून उभी राहते, नेमकी तिथे... साडेतीनला दार लावून मी कानामागे अत्तर लावत असे. वहीत सगळं होतं, तेवढं सोडून. कारण ते लिहायचं, तर कशासाठी लावते हेही सांगावं लागलं असतं.

गप्प बसले तर? तो येणार नाही, मी अत्तर लावणार नाही, ठमी बरी होईल. कुणाला काही कळायचं नाही. किती सोपं...

तो दारापर्यंत पोचला होता.

"डॉक्टर, थांबा. एक नोंद राहिली."

अक्षर वेडंवाकडं आलं. "साडेतीन वाजता. अत्तर, दोन थेंब, उजव्या कानामागे. फक्त बुधवारी."

त्याने वाचलं. मग त्याचेच कान लाल झाले.

"कुणासाठी, ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"निदान तुम्ही करायचं. मी फक्त नोंदी करते."

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, वही ठमीच्या पाठीवर टेकवली आणि खाली लिहिलं — "अत्तर बंद. या आजाराला डॉक्टरने महिन्यातून एकदा येणं पुरतं. दर आठवड्याला येण्याचं कारण औषधाशी संबंधित नाही."

त्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते वहीत लिहिलेलं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस बुधवारच होता. डॉक्टर आला, तासभर थांबला. मी ठमीच्या मानेला गाल लावून उभी राहिले, जीव मुठीत धरून. आत्याने दोन्ही बाजूंनी हात फिरवला, पोटाखाली वाकून पाहिलं. सगळं गुळगुळीत. तिने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. "नाही विकायची," एवढंच म्हणाली.

मग तिने वही उघडली. शेवटचं पान वाचलं. मिटली.

"डॉक्टर," ती जाता जाता म्हणाली, "तो हौद मी रोज भरून ठेवते. माझ्या भाचीला रडवलंत तर ध्यानात असू द्या."

तिची पावलं दूर गेली. तो जवळ आला, माझ्या कानापाशी झुकला — आणि तिथेच थांबला.

"साबण?"

"बिनवासाचा."

"मला चालेल," तो म्हणाला.

ठमीने मागून त्याला हलकेच ढकललं. या वेळी मध्ये हौद नव्हता.