आरसा न पुसल्याबद्दल

पावतीवर पाच ओळी होत्या. पहिली मला ठाऊक होती : दुर्बिणीची वाकलेली नळी सरळ करणे. तेवढ्याचीच रक्कम मला आधी सांगितली होती. उरलेल्या चार मी दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून आयुष्यात प्रथमच वाचत होते. उघडणावळ. तपासणावळ. ठेवणावळ. आणि सर्वांत खाली, सुरेख वळणदार अक्षरात — आरसा न पुसल्याबद्दल.

मी कायद्याच्या महाविद्यालयात करार शिकवते. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला ‘कलमबाई’ म्हणतात. किंमत दडवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, हे वाक्य मी अकरा वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. रागावले की माझा आवाज चढत नाही, उतरतो.

“न पुसल्याबद्दल?” मी अगदी हळू विचारले. “म्हणजे जे केलंच नाहीत, त्याचेही पैसे?”

“आमच्याकडे असंच असतं, बाई,” गल्ल्यावरच्या आत्याबाई म्हणाल्या. “वीस वर्षांत कुणी विचारलं नाही.”

“विचारलं नाही, की एकदा आलेला पुन्हा विचारायला आला नाही?”

पडद्यामागे कुणीतरी हसले… आणि कपाळावर सरकवलेले भिंग तसेच ठेवून आत्याबाईंचा भाचा बाहेर आला. सारी गल्ली त्याला भिंगकाका म्हणे. वय असेल बत्तीस.

“शेवटची ओळ माझी,” तो म्हणाला. “मधल्या तीन आत्याच्या.”

“वा! लुटीतही श्रमविभागणी आहे म्हणायची.”

तो चिडला नाही. नुसता पाहत राहिला — दुरुस्तीला आलेल्या वस्तूकडे हात लावण्यापूर्वी पाहावे, तसा. मला त्या पाहण्याचा विलक्षण राग आला. निदान मी त्याला राग असे नाव दिले.

“पूर्ण पैसे द्या, वस्तू न्या,” आत्याबाईंनी निकाल दिला.

पैसे माझ्या पिशवीत होते. तीच तर अडचण होती. दुर्बीण बाबांची. ते निवृत्त भूमापक. त्यांचा एक डोळा केव्हाच गेला होता, आणि उरलेल्याच्या पडद्यावर गुरुवारी शस्त्रक्रिया व्हायची होती. दृष्टी राहील का, या प्रश्नाला डॉक्टरांनी “बघू” एवढेच उत्तर दिले होते. त्याआधी बाबांना एकदा चंद्र पाहायचा होता. त्या आठवड्यात तो दुपारीच उगवत असे, आणि आज सोमवार होता. (डोळा कापणाऱ्या रुग्णालयाने दरपत्रक आधी हातात दिले होते. आरसा न पुसणाऱ्यांना ते जमले नव्हते.)

मी रिकाम्या हाताने घरी गेले आणि बाबांना सारे सांगितले.

“लबाडीचे पैसे दिलेस तर मी बघणार नाही,” ते म्हणाले. “जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, कधी बोटभर इकडचं तिकडे केलं नाही.” आणि मग, भिंतीवर दिव्याचे बटण चाचपडत, जरा थांबून… “अजून दोन दिवस आहेत ना गं?”

मंगळवारी मी ग्राहक मंचाकडे द्यायची टंकलेली तक्रार घेऊन दुकानात गेले. तीन पाने. भिंगकाकाने ती उभ्या उभ्या, एक शब्द न गाळता वाचली.

“दुसऱ्या पानावर चूक आहे.”

“माझ्या मसुद्यात चूक नसते.”

“दुर्बीण शनिवारी नाही, शुक्रवारी आणलीत. निळी छत्री होती. मिटत नव्हती… तुम्ही तिला चांगलंच झापलंत.”

मी तारीख दुरुस्त केली. अकरा वर्षांत प्रथमच माझ्या मसुद्यात खाडाखोड झाली.

“मधल्या तीन ओळींचे मी भरले तर?” त्याने विचारले.

“मग मी तुमची मिंधी होईन. तेही माझ्या संमतीवाचून.”

“म्हणून तर आधी विचारतोय.”

आता ह्या माणसाशी भांडावे तरी कसे?

“नकोच,” मी म्हणाले.

“बरं. तक्रार द्या. मला बोलावलं तर खरं तेच सांगेन — आधी सांगितलं नव्हतं. आमचं चुकलं. पण शेवटच्या ओळीला लुबाडणूक म्हणायच्या आधी… एकदा आत या.”

आतली खोली लहान, थंड, विलक्षण स्वच्छ होती. टेबलावर पांढऱ्या कापडात बाबांच्या दुर्बिणीच्या तळाचा, प्रकाश गोळा करणारा आरसा निजवला होता. त्याने विजेरी आडवी धरली, आणि काचेवर धुळीचे हजारो कण एकदम उजळले.

“घाणेरडा आहे,” मी म्हणाले.

“दिसतो. काचेवरचा मुलामा केसापेक्षा शेकडो पट पातळ आहे. ही धूळ प्रकाश फारसा अडवत नाही. पण पुसायला गेलो, तर एकेक कण ओरखडा काढत जाईल. तो मात्र कायमचा. लोकांना चकचकीत हवा असतो. पुसला की खूश होऊन पैसे देतात.” त्याने विजेरी खाली ठेवली. “मी दोन तास बघत बसलो होतो. हात शिवशिवत होते… नाही लावला.”

मी वाकले. त्या अंतर्गोल काचेत माझाच डोळा दिसला — प्रचंड, ओलसर, अनोळखी. एवढी पुस्तके वाचली, पण आपल्याच डोळ्यात इतक्या रेषा असतात हे मला माहीत नव्हते. तेवढ्यात तोही वाकला. काचेत दुसरा डोळा आला… आणि दोघांपैकी कुणीच पापणी लववली नाही.

हात न लावण्याचेही कसब असते! ज्या ओळीने मी सर्वांत जास्त संतापले होते, ती एकच न्याय्य होती.

“हे शुक्रवारी सांगितलं असतंत,” मी म्हणाले, “तर दुप्पट दिले असते.”

“शुक्रवारी मी छत्रीकडे बघत होतो.”

बाहेर येऊन त्याने भला मोठा पुठ्ठा घेतला आणि प्रत्येक कामाचा दर लिहायला सुरुवात केली. सर्वांत वर : आरसा न पुसणे.

“मेल्या, दुकान बुडवशील!” आत्याबाई कडाडल्या.

“हा लागल्याशिवाय मी आता साधा स्क्रूही फिरवणार नाही, आत्या. आणि तुझी ती तीन कलमं ह्यात नाहीत.”

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे. त्यांना काय कळायचे ते कळले असावे. “अक्षर तरी मोठं काढ,” त्या पुटपुटल्या. “गिऱ्हाइकं म्हातारी असतात.”

मी दोन ओळींचे पैसे दिले. तक्रार मात्र फाडली नाही, फाइलला लावली. प्रेमापायी पुरावा नष्ट करणाऱ्यांतली मी नव्हे. (‘प्रेम’ हा शब्द इथे कसा आला, कोण जाणे.)

बुधवारी दुपारी आरसा जुळवायला तो आमच्या गच्चीवर आला. लख्ख निळ्या आकाशात अर्धा चंद्र होता, फिकट, जणू कुणी खोडायला विसरलेला. बाबांनी डोळा लावला.

“खड्ड्यांच्या कडा दिसतात,” ते कुजबुजले. “अगं, सावल्या पडल्यात… मोजता येतील!”

पृथ्वी फिरते, म्हणून चंद्र सारखा दृष्टीबाहेर निसटत होता. भिंगकाका नळीला बोटाने हलकेच ढकलून तो बाबांसाठी परत आणत होता. पुन्हा. पुन्हा. न सांगता, न थकता.

मग मी डोळा लावला. भर उन्हात एक अख्खे जग, निःशब्द, आमच्या गच्चीला टेकलेले.

“उद्या…” मी डोळा न काढता म्हणाले, “रुग्णालयात माझ्याबरोबर बसाल?”

“बसेन.”

“किती वेळ लागेल, सांगता येत नाही. निकाल काय लागेल, तेही नाही. आणि मी अशा वेळी फार वाईट बोलते.”

“मी कुठे विचारलं?”

असा करार कुठल्याही न्यायालयात टिकला नसता. मी नळीवरचे त्याचे बोट धरले, आणि ते ढकलायचे थांबले.

“पोरांनो,” मागून बाबा म्हणाले, “चंद्र केव्हाच गेला असेल त्यातून. सरका आता, माझी पाळी.”