वरचा माणूस

बुधवारी आणि शनिवारी निमोण्याला जायचं, बानूबाईला सुई टोचायची आणि दुपारच्या एस.टी.नं शिरूरला परतायचं, हा नर्स ग्लॅडिसचा त्या उन्हाळ्यातला ठरलेला क्रम होता. बानूबाईच्या छातीत क्षय शिरला होता. मिशनच्या दवाखान्यात राहायला ती तयार नव्हती. "मरीन तर माझ्या वस्तीवर," म्हणायची. म्हणून दवाखानाच तिच्याकडे जाई. ग्लॅडिस, तिची पत्र्याची पेटी आणि पेटीतला स्पिरिटचा वास.

एकसष्ट सालच्या एप्रिलातला तो बुधवार. ऊन इतकं, की घोडनदीच्या पात्रातली वाळू लांबून पाण्यासारखी हलताना दिसत होती. सुई देऊन झाली. बानूबाईची सून धुरपदा ओसरीवर कांद्याची पात कापत होती. विशीतली, अंगानं दणकट, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही अशी पोरगी.

"बाई, च्या ठिवते, थांबा," म्हणून ती उठली आणि चुलीकडं जाता जाता मधेच थबकली. मागून कुणी नाव घेऊन हाक मारावी, तशी. मग सावकाश जमिनीवर बसली, पाठीवर आडवी झाली आणि गुडघे वर ओढून घेतले. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीसकट मागं पाडावा, तशी ती दिसत होती.

"आता..." ती म्हणाली.

उतरंडीतली गाडगी एकमेकांवर आपटू लागली. ग्लॅडिसला वाटलं, मालगाडी आली. पण रेल्वे होती ती तिकडं दौंडला, दहा-बारा कोसांवर. तिनं धुरपदाच्या बरगडीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तो धडधडाट जमिनीतून येत नव्हता. पोरीच्या अंगातून येत होता.

तिचे गाल कानांकडं ओढले गेले. ओठ दातांवरून सरकले. डोळे खोबणीत खोल गेले आणि त्यांच्या कडांमधून पाणी मागं, केसांत ओघळू लागलं. श्वास घेताना छाती वर यायची ती बोटभरच. वर कुणी बसलं असावं आणि ते क्षणाक्षणाला वजनदार होत असावं. ग्लॅडिसनं तिचा हात उचलून पाहिला. उचलेना. मेलेल्या माणसाचा हातही इतका जड नसतो, आणि ग्लॅडिसनं मेलेली माणसं पुष्कळ उचलली होती.

मग एकदम सगळं थांबलं. गाडगी गप्प झाली. एवढी शांतता पडली, की आतल्या खोलीतल्या बानूबाईचा घरघरता श्वास ओसरीवर ऐकू आला. आणि धुरपदाचे दोन्ही हात जमिनीवरून आपोआप वर आले. पाण्यात सोडलेल्या माणसाचे येतात तसे. तिची वेणी खांद्यावरून सुटली आणि... उभी राहिली. वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

धुरपदा हसली. पुरुषासारखं, घशातून. नंतर ती कुणाशी तरी बोलली, आणि ती बोली ना मराठी होती, ना हिंदी, ना दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंची इंग्रजी.

दोनेक तासांनी ती उठून बसली. घामानं निथळत होती. आधण तसंच राहिलेलं पाहून म्हणाली, "अगं बया, च्या राह्यला की वो तुमचा."

संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टर येशुदासांच्या रेडिओवर बातमी लागली. रशियानं माणूस आभाळात पाठवला, पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरी मारून तो सुखरूप उतरला. डॉक्टर आनंदानं टाळ्या वाजवत होते. ग्लॅडिसही हसली. दोन गोष्टी एकमेकींना जोडायचं तिच्या मनातही आलं नाही. आलं ते चार दिवसांनी. डॉक्टरांनी इंग्रजी वर्तमानपत्र वाचून मराठीत सांगितलं, तो माणूस पाठीवर पडून गेला, छातीवर किती भार आला, मग भार कसा अचानक संपला आणि हात कसे तरंगू लागले... तेव्हा तिनं हातातली कपबशी खाली ठेवली.

वस्तीवर मात्र निकाल लागून गेला होता. मळ्यातल्या विहिरीत पूर्वी एक बाई बुडून मेली होती, ती धुरपदाला लागली, असं बानूबाईचं म्हणणं. देवरुशी येऊन लिंबू कापून गेला होता. पुढच्या खेपेला डागणी द्यावी लागेल, म्हणाला होता.

पुढची खेप ऑगस्टात आली. रविवारी उपासना सुटली तर धुरपदाचा नवरा जालिंदर चर्चच्या फाटकाशी सायकल धरून उभा. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला.

"तवासारखंच झालंय, बाई. पन ह्या टायमाला उतरंना. पडतीया म्हनती. बाजंवर हाय, तरी पडतीया म्हनती. आई देवरुश्याला बलवाया लागलीय."

ग्लॅडिस तशीच निघाली. धुरपदा बाजेच्या दोन्ही कडा घट्ट धरून पडली होती. सारखी ओकत होती. देवरुशी अंगणात विळा तापवत बसला होता. ग्लॅडिस दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "हिला हात लावलात तर शिरूरहून फौजदार घेऊन येईन." आपण कशापासून हिला राखतोय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण तापलेल्या लोखंडाचा वास तिला सोसवेना.

रात्र तशीच गेली. सोमवारी दुपारी धुरपदाचं अंग पुन्हा जड झालं, भाजल्यासारखं लाल झालं, आणि मग ती गाढ झोपली. उठल्यावर ग्लॅडिसनं तिला पाणी पाजलं आणि हळूच विचारलं, "काय होतं गं तुला?"

धुरपदा पत्र्याकडं बघत बोलू लागली.

"बाई, एक इवलीशी खोली हाय. कणगीएवढी. त्यात मी न्हाई, कुनीतरी बापई हाय, आन् मी त्याच्या आत हाय. खालनं धडाका व्हतो. मग छातीवर कांद्याची पोती रचायला लागत्यात, एकावर एक, एकावर एक. डोळं मागं जात्यात. वाटतं, आता बरगडी मोडनार. त्याला बी भ्या वाटतं, बाई. पन त्यो तसं दावत न्हाई. कुनीतरी कानात बोलतं, त्याला हसून जाप देतो. मग पोती कुनीतरी वढून घेतं आन् काय बी ऱ्हात न्हाई. वजनच न्हाई. एक वाटोळी खिडकी हाय. बाहेर दिवसाढवळ्या काळंकुट्ट आभाळ, आन् त्यात सूर्व्या."

"आणि खाली?"

"खाली निळं. लई चांगलं वाटतं बघाया." तिनं आपली मूठ उघडून पाहिली. "त्यो माझा हात धरतो, बाई. वर जाताना. पयल्यानं बी धरला व्हता. एकल्यानं जावं वाटत नसंल."

त्याही वेळी रेडिओवर बातमी होती. रशियाचा दुसरा माणूस, एक दिवस एक रात्र वर राहून आला. ग्लॅडिसनं डॉक्टरांना काही सांगितलं नाही. रविवारी मात्र ती प्रार्थनेला गुडघे टेकी, तेव्हा वर गेलेल्यांसाठी दोन शब्द जास्त मागी.

बानूबाई दिवाळीच्या सुमारास गेली. त्यानंतर ग्लॅडिस निमोण्याला जात राहिली ती धुरपदासाठी. तिला दिवस गेले होते.

नाताळ उलटून थंडी ऐन भरात असताना तिसरी खेप आली. ग्लॅडिस नेमकी तिथंच होती, पोट तपासत होती. धुरपदाचे डोळे एकदम स्थिर झाले.

"बाई... बोलवाया लागलं."

"जाऊ नकोस," ग्लॅडिस म्हणाली. आपण काय बोललो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

धुरपदानं गुडघे वर घेतले. ग्लॅडिसनं तिचा हात दोन्ही हातांत पकडला. जालिंदर दारात खांबाला धरून उभा राहिला.

गाडगी वाजली. भार आला. या वेळी तो ग्लॅडिसच्याही मनगटांवर आला; तिचे हात बाजेच्या सुतळीत रुतले, निघेनात. नाकात वास शिरला, रबराचा, तापलेल्या रंगाचा, कुणा अनोळखी माणसाच्या घामाचा. मग पोती ओढून घेतली गेली. तिच्या छातीवर टाचलेलं नर्सचं घड्याळ साखळीसकट वर उचललं गेलं आणि तिच्या हनुवटीशी येऊन तरंगत राहिलं.

धुरपदा हसली नाही.

"कानातलं मानूस गप झालं," ती कुजबुजली. "ह्यो हाका मारतोय. कुनी जाप दीना..."

बऱ्याच वेळानं, "कुठनं तरी वारा निसटतोय. बारीक आवाज येतोय... शीळंवानी..."

तो आवाज ग्लॅडिसनंही ऐकला. तो धुरपदाच्या दातांच्या फटीतून येत होता. तिच्या ओठांवर निळसर छटा चढत होती. श्वास आखूड, उथळ, कुत्र्यासारखे. नखं काळवंडू लागली. पोटावर हात ठेवला तर आत लेकरू तडफडत होतं.

"धुरपदा, परत ये!"

"सोडंना, बाई... त्यो हात सोडंना..."

"तू सोड! धुरपदा, पोटात लेकरू आहे तुझ्या. सोड त्याचा हात!"

"त्यो एकला हाय..."

"सोड!"

ग्लॅडिसनं तिच्या मुस्काटात मारली. आयुष्यात तिनं रोग्यावर हात उगारला तो तेवढाच. धुरपदानं सगळं अंग पिळलं, हिसका दिला, आणि वरून फेकल्यासारखी बाजेवर आदळली. सुतळी तुटली. घड्याळ ग्लॅडिसच्या छातीवर पडलं. धुरपदानं मोठा, खरखरीत श्वास ओढला आणि लहान पोरासारखी रडायला लागली.

"त्यानं वळकलं मला, बाई. मी सोडलं तवा त्यानं बघितलं माझ्याकडं."

संध्याकाळी ग्लॅडिसनं बातम्या ऐकल्या. दुसऱ्या दिवशीही, आठवडाभर. शेवटी न राहवून तिनं डॉक्टरांना विचारलं, वर कुणी गेलंय का. डॉक्टर येशुदास म्हणाले, "छे. कुठल्याच देशाची तशी बातमी नाही. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. तिला आधी हायसं वाटलं. मग अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की खाली कुणाला ठाऊकच नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना तरी कोण करणार. तिनं हात जोडले. पण कुणाचं नाव घेऊन मागावं, हे तिला कळेना.

मार्चमध्ये धुरपदा बाळंत झाली. मुलगी. ग्लॅडिसनंच सोडवली. वजन चांगलं, रंग चांगला, पहिलं रडणंही खणखणीत. धुरपदाला त्यानंतर कधी काही झालं नाही. ती पुन्हा पूर्वीसारखी अखंड बोलू लागली. जालिंदरनं शिरूरच्या बाजारातून पेढे आणून दवाखानाभर वाटले.

पोरगी दोन महिन्यांची झाली तेव्हा ग्लॅडिस तिला बघायला गेली. दुपार होती. बाळ बाजेवर उताणं पडलं होतं, मुठी चोखत. ग्लॅडिस आणि धुरपदा शेजारी बसून बोलत होत्या.

बोलता बोलता धुरपदा म्हणाली, "बाई, हिची एक गंमत दावते. आता बघा."

बाळानं मूठ तोंडातून काढली. मान मावळतीच्या भिंतीकडं वळवली. तिथं कुडाच्या वरच्या कडेला काहीतरी असावं तसे त्याचे डोळे टिकले, आणि मग हळूहळू, एका लयीत, पत्र्याच्या छपरावरून सरकू लागले. उगवतीच्या भिंतीकडं.

"दिवसातनं किती येळा करती. दीड-दोन तास झालं की पुन्ना. आभाळ भरलेलं असू द्या, दार लावलेलं असू द्या. मी म्हनलं, पाखरू बघती का काय. पन छपरातनं कसलं पाखरू दिसतंय?" धुरपदा हसली. "ह्या भिताडापासनं त्या भिताडापर्यंत. मधी कवाच थांबत न्हाई."

ग्लॅडिसला हसता आलं नाही. ती बाळाचे डोळे बघत होती.

आढ्याच्या बरोबर खाली आल्यावर ते थांबले.

"आज थांबली की गं," धुरपदा म्हणाली.

बाळानं वर बघतच एक हात उचलला, बोटं पसरली. बाहेर गोठ्यात बैल एकदम उठून उभे राहिल्याचा आवाज आला. मग बाळाची नजर पुन्हा हलली. उगवतीकडं नाही. मावळतीकडंही नाही.

ती आढ्यावरून सावकाश, सरळ खाली येऊ लागली.