पान बावीसची खुर्ची

"दोन खिळे ठोकता आले की हल्ली माणूस पुस्तक छापायला निघतो," छापखान्याचा मालक आत येता येता स्वतःशीच पुटपुटला.

"मला तीन येतात," मी खुर्चीखालून म्हणाले.

त्याने मला पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा? मी पुस्तकाची वही द्यायला आले होते, आणि छापखान्यातली बसायची खुर्ची इतकी खचलेली, की मी ती उलटी करून तिच्या पोटात डोकं घातलं होतं. त्याचे कान लाल झाले. मग तो खाली वाकला, आणि खुर्चीच्या चार पायांमधून आमची पहिली नजरानजर झाली.

आमचं खुर्च्या-सोफे दुरुस्तीचं दुकान. समोर तयार फर्निचरचं चकचकीत दालन उघडलं आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. तेव्हा दादाने ठरवलं, खुर्ची कशी जपावी याचं पुस्तक काढायचं आणि महिनाअखेरच्या प्रदर्शनात वाटायचं. लोक वाचतील, विश्वास बसेल, काम येईल. नाहीतर दुकानाला कुलूप.

लिहिलं मी, रोज दुपारी, वहीत. नाव मात्र दादाचं पडणार होतं. पाटी त्याची, तर पुस्तकही त्याच्याच नावाने शोभेल, असं घरात सगळ्यांचं मत. दुकानात पुढे दादा बोलतो आणि मागच्या खोलीत बैठकीखालचे पट्टे मी ताणते, हे माहीत सगळ्यांना होतं. बोलत कुणी नव्हतं. मीसुद्धा.

छापखानेवाला मात्र पहिल्या प्रूफापासून मला 'लेखिकाबाई' म्हणायला लागला.

"हळू बोला. लेखक दादा आहे."

"असं? मग वहीवर डिंकाची बोटं एवढी लहान कशी?"

मी प्रूफात तोंड खुपसलं.

त्याचं एक खूळ होतं. जे स्वतःला करून बघता येत नाही, ते तो छापत नसे. म्हणून ती खचलेली खुर्ची त्याने पुस्तकाबरहुकूम दुरुस्त करायला घेतली. एकदा अंगठ्याला पट्टी बांधून समोर उभा. पान बावीसवर तुम्ही 'पट्टा घट्ट ताणा' म्हणता, पण घट्ट म्हणजे किती ते कुठे सांगता, अशी तक्रार. मी त्याचा हात धरून पट्ट्यावर ठेवला, शेजारी टिचकी मारली. असा आवाज येईपर्यंत. आवाज आला, विरला... आणि हात काढायला दोघांनीही जरा उशीरच केला.

पान बावीस दुरुस्त झालं. दुसऱ्या दिवशी त्याला तेही परत कळेना, आणि मला पुन्हा खेप पडली.

शेवटच्या प्रूफावर लेखकाची सही, तिथला नियमच होता. प्रदर्शनाला चार दिवस राहिले आणि सही करायला दादा स्वतः आला. पुस्तक कुणी लिहिलं ते तुम्ही बोलायचं नाही, असं मी छापखानेवाल्याला आदल्या दिवशी बजावलं होतं. त्यानेही शब्द दिला होता.

दादाने खिशातून पेन काढलं. छापखानेवाल्याने प्रूफ नाही, खुर्ची पुढे केली.

"तुमचं पुस्तक वाचून बांधलीय. पण एक पट्टा सैल राहिलाय. कुठला ते सांगा, तेवढं पान सुधारतो. मग सही."

दादा बसला. खुर्ची कुरकुरली आणि मला कळलं... मागून दुसरा, डावीकडे. मी जीभ चावली. बोलावं तर परक्या माणसासमोर भावाची मान खाली. गप्प बसावं तर माझं पुस्तक गेलं. छापखानेवाल्याकडे मी असं पाहिलं, की दुसरा असता तर पळाला असता. तो हलला नाही.

दादा उठला. खुर्ची उलटी केली, एक पट्टा दाबला, मग दुसरा. मग माझ्याकडे पाहिलं – शाळेत गणित अडलं की पाहायचा, अगदी तसं.

आणि पेन माझ्या हातात दिलं.

"हिला विचारा. मी नुसता बोलतो," तो म्हणाला. "खुर्च्या हीच बांधते. पुस्तकही हिनेच लिहिलंय."

दादा दाराशी जाऊन थांबला.

"आणि एक पान सुधारायला अकरा खेपा लागत नाहीत. तेही आता कुणीतरी बोलून टाका."

छापखानेवाल्याचे कान लाल झाले, पहिल्या दिवसासारखे.

"पट्टा मी मुद्दाम सैल ठेवला होता," तो म्हणाला. "लेखिकाबाई... तुम्ही मला आवडता."