मेंढरांनी सोडलेली जागा

माण तालुक्यातल्या दोन हजार मेंढरांच्या गळ्यात पट्टे होते आणि दर दहा मिनिटांनी प्रत्येक मेंढरू आपण कुठे आहोत ते साताऱ्याच्या ऑफिसात कळवत होतं. माणसं एवढं कळवत नाहीत. वर्षभराचे दहा कोटी ठिपके चाळून गवत-पाणी कुठे टिकतं ते काढायचं, हे ऋचाचं काम. नऊ ते सहा, मध्ये डबा.

पट्टे बांधू देताना दहिवडीजवळच्या राहीबाईंनी एकच अट घातली होती. त्यांचा थोरला, ज्योतिबा, तीन वर्षांपूर्वी कळप घेऊन रहिमतपूरकडे गेला होता. मेंढरं परत आली, तो आला नाही. पोलिसांनीही हात टेकले.

"कुटं हाय तेवढं सांगा, पोरी. जिता हाय का, ते न्हाई इचारत."

ठिपक्यांत गवत सापडलं, पाणी सापडलं आणि एक रिकामं वर्तुळ सापडलं. घोंगडीएवढं. त्यात कधीच मेंढरू शिरलं नव्हतं. ऋचाला आधी विहीर वाटली. पण विहीर सरकत नाही. हे रहिमतपूरकडून दहिवडीकडे सरकत होतं, दिवसाला दोनशे पावलं. तिने तीनदा तपासून पाहिलं. भीती वाटायला हवी होती, पण बधिर बोटाला चिमटा काढावा तसं झालं.

तिने राहीबाईंच्या धाकट्या मुलाला, धुळाला नकाशा दाखवला.

"मेंढरं वाट देत्यात, ताई."

"कुणाला?"

"मालकाला देत्यात." तो नकाशाकडे बघेना. "आईला सांगू नगा."

पण शब्द दिलेला होता. ऋचाने राहीबाईंना सांगितलं, अगदी वारासकट. गुरुवारी, चारच्या सुमारास ते वर्तुळ त्यांच्या कळपात पोचणार होतं.

गुरुवारी ऊन उतरत होतं. वाघरीच्या जाळीआड मेंढरं रवंथ करत होती. चार वाजता ती न ओरडता कडेला सरकली. मधोमध जागा झाली.

राहीबाईंनी तिथे घोंगडी अंथरली.

"लय उशीर केलास रं," त्या म्हणाल्या.

बाकी काही घडलं नाही. ऋचा चहा पिऊन एसटीने परतली.

शुक्रवारी डबा उघडतानाच धुळाचा फोन आला.

"ताई, आई सकाळधरनं दिसंना. घोंगडीबी न्हाई."

तिने नकाशा उघडला. वाघर ठिपक्यांनी गच्च भरली होती.

वाघरीबाहेर माळावर दुसरे कळप चरत होते. त्यांच्यात दोन वर्तुळं होती, एकमेकांना लागून. रहिमतपूरच्या दिशेला.

"ताई, ऐकताय न्हवं?" धुळा म्हणाला. "कुटं हाय तेवढं सांगा."